एका खात्यावरून अनेक मंचांशी जोडणी: विकेंद्रित समाजमाध्यमांत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मॅस्टोडॉन या छोट्या पोस्टच्या विकेंद्रित समाजमाध्यमावर नव्याने खाते उघडणाऱ्या माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ओळखीची व्यक्ती नावाने शोधली तरी सापडत नाही, सापडली तर तिचे पान रिकामे दिसते, आणि दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावर ‘फॉलो करा’ हे बटण दाबले की तिथे पुन्हा लॉगिन करायला सांगितले जाते. या सगळ्यांचे मूळ एकाच गैरसमजात आहे. ज्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात, ते एखादे मोठे संकेतस्थळ असावे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात वेगवेगळ्या लोकांनी आणि संस्थांनी चालवलेले हजारो सर्व्हर एकमेकांना निरोप पाठवतात आणि त्या देवाणघेवाणीलाच हे नाव मिळाले आहे. निरोप कोणाला जातो आणि कोणाला जात नाही, एवढे नीट समजले तर बाकीच्या अडचणी बऱ्याच सोप्या होतात. म्हणून पुढील टप्प्यांत बटणांपेक्षा निरोपांच्या प्रवासावर अधिक भर दिला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- चालू असलेला ईमेल पत्ता. तो दीर्घकाळ तुमच्याकडे राहणारा असावा. नोकरीच्या ठिकाणचा नको.
- संगणकावरील ब्राउझर. रोजच्या वापरासाठी फोनवरील अ‍ॅप पुरते, पण स्थलांतर, निर्यात आणि आयात यांसारख्या सोयी मुख्यतः वेब-आवृत्तीतच मिळतात.
- पासवर्ड सांभाळणारे साधन आणि दुहेरी पडताळणीसाठी संकेतांक देणारे अ‍ॅप.
- स्वतःची ओळख सांगणारी चार ओळी आणि एक प्रोफाइलचित्र. हे किरकोळ वाटते, पण रिकामे प्रोफाइल पाहून अनेक लोक फॉलोची विनंती नाकारतात.

कोणतेही ओळखपत्र लागत नाही आणि बहुतेक सर्व्हरवर पैसेही भरावे लागत नाहीत. काही सर्व्हर मात्र ‘तुम्हाला इथे का यायचे आहे’ असे विचारतात आणि उत्तर वाचूनच प्रवेश देतात. तिथे दोन-तीन प्रामाणिक वाक्ये पुरतात.

1. जोडणी नेमकी कशी होते, ते आधी समजून घ्या

निरनिराळ्या सर्व्हरना एकमेकांशी बोलण्यासाठी समान भाषा लागते. 2008 मध्ये सुरू झालेल्या आयडेंटिका या सेवेच्या काळापासून तसे प्रयत्न चालू होते. आज सर्वाधिक वापरात असलेली भाषा म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 23 जानेवारी 2018 रोजी त्याला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ऑयगेन रोचको यांनी 2016 मध्ये लोकांसमोर आणलेल्या मॅस्टोडॉनने 2017 मध्येच, म्हणजे मानक अंतिम होण्याआधी, तो स्वीकारला होता. व्हिडिओंसाठीचे पीअरट्यूब, छायाचित्रांसाठीचे पिक्सेलफेड, चर्चेसाठीचे लेमी, पुस्तकांच्या नोंदींसाठीचे बुकवर्म आणि जपानमध्ये जन्मलेले मिसकी ही सगळी सॉफ्टवेअर हीच भाषा बोलतात.

या व्यवस्थेत प्रत्येक खात्याला दोन भागांचा पत्ता असतो: आधी वापरकर्त्याचे नाव, मग सर्व्हरचे नाव आणि दोन्हींच्या आधी ‘@’ हे चिन्ह, म्हणजे ‘@नाव@सर्व्हर’. ईमेलच्या पत्त्याशी हे साम्य उघड आहे आणि ते बरेच दूरवर टिकते. तुमचा सर्व्हर कोणताही असो, पत्ता पूर्ण असेल तर निरोप पोहोचतो.

आता एक उदाहरण जवळून पाहू. तुमचे खाते मॅस्टोडॉनच्या एका सर्व्हरवर आहे आणि तुम्हाला पीअरट्यूबवरील एक वाहिनी फॉलो करायची आहे. तुम्ही वाहिनीचा पूर्ण पत्ता सर्चच्या चौकटीत टाकता. तुमचा सर्व्हर ‘वेबफिंगर’ या पद्धतीने पीअरट्यूबच्या सर्व्हरला विचारतो, की या नावाचे कोणी तुमच्याकडे आहे का. उत्तरात त्या वाहिनीच्या माहितीचा दुवा मिळतो आणि त्यावरून तिचे नाव, चित्र, सही पडताळण्याची चावी आणि तिच्या ‘इनबॉक्स’चा ठिकाणा कळतो. तुम्ही फॉलो दाबले की तुमचा सर्व्हर त्या इनबॉक्समध्ये स्वतःच्या सहीनिशी विनंती टाकतो. समोरून ‘मान्य’ असा निरोप येतो. त्यानंतर वाहिनीवर नवा व्हिडिओ आला की त्याची वर्दी तुमच्या सर्व्हरच्या इनबॉक्समध्ये येऊन पडते आणि तुमच्या टाइमलाइनवर शीर्षक व दुव्यासह दिसते. तुम्ही त्या पोस्टला उत्तर दिले तर ते व्हिडिओखाली प्रतिक्रिया म्हणून उमटते. पीअरट्यूबवर तुम्ही खाते उघडलेले नसते, तरीही हे सगळे घडते.

‘मान्य’चा निरोप आल्यानंतर टपाल सुरू होते, त्याआधीचे सहसा पाठवले जात नाही. सुरुवातीला सांगितलेल्या रिकाम्या पानाचे कारण हेच आहे. तुमच्या सर्व्हरवरील कोणीही त्या व्यक्तीला आधी फॉलो करत नसेल तर तिच्या जुन्या पोस्ट तुमच्या सर्व्हरकडे आलेल्याच नसतात. त्या वाचायच्या असतील तर तिच्या मूळ सर्व्हरवरील पान उघडावे. त्यासाठी सहसा लॉगिन लागत नाही.

2. सर्व्हर निवडा, पण त्यात आठवडे घालवू नका

नवा माणूस इथेच अडखळतो, कारण त्याला वाटते की निवड चुकली तर आपण भलत्याच गटात कायमचे अडकून पडू. तसे होत नाही, पुढे खाते हलवता येते. तरीही चार गोष्टी पाहाव्यात: सर्व्हरचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत का, चालवणारे कोण आहेत आणि ते खर्च कसा भागवतात, तक्रारींकडे लक्ष देणारे मॉडरेटर आहेत का आणि त्या सर्व्हरने कोणकोणत्या इतर सर्व्हरना अडवले आहे. ही शेवटची यादी अनेक सर्व्हर आपल्या ‘माहिती’ या पानावर उघड ठेवतात.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नोंद होण्यासाठी सर्व्हरने एक करार पाळावा लागतो. वंशद्वेष, लिंगभेद यांसारख्या गोष्टींविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारी निदान आणखी एक व्यक्ती आणि बंद करायचे झाल्यास वापरकर्त्यांना किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना, असे त्यातील कलम आहेत. यादीतला सर्व्हर निवडणे हा म्हणूनच सुरक्षित मार्ग. मॉझिलासारख्या नावाजलेल्या संस्थेचा सर्व्हरही डिसेंबर 2024 मध्ये बंद झाला, तेव्हा चालवणाऱ्याच्या नावापेक्षा पूर्वसूचनेची हमी मला जास्त मोलाची वाटते.

आकाराबद्दल माझे मत मध्यम सर्व्हरच्या बाजूने आहे. अगदी लहान सर्व्हरकडे बाहेरून येणारे टपाल कमी असते, त्यामुळे हॅशटॅग किंवा सर्च रिकामे वाटतात. अवाढव्य सर्व्हरवर तक्रारींची दखल घ्यायला वेळ लागतो.

3. खाते उघडताना

मॅस्टोडॉनवर वापरकर्त्याचे नाव फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतच घेता येते आणि ते नंतर बदलता येत नाही. त्यामुळे ते विचारपूर्वक निवडा. दिसणारे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते आणि हवे तेव्हा बदलता येते.

लगेच दोन सेटिंग बदला. पहिले, दुहेरी पडताळणी सुरू करा आणि तिचे पर्यायी संकेतांक कुठेतरी उतरवून ठेवा. सर्व्हर चालवणारे बहुधा स्वयंसेवक असतात, तेव्हा हरवलेले खाते परत मिळवून द्यायला तत्पर मदतकेंद्र असेल असे धरून चालू नका. दुसरे, पोस्टची भाषा ‘मराठी’ अशी नेमून ठेवा. प्रत्येक पोस्टसोबत तिच्या भाषेची खूण जाते आणि वाचणारे त्या खुणेवरून पोस्ट गाळतात. मराठीत लिहून खूण इंग्रजीची राहिली तर केवळ मराठी वाचू इच्छिणाऱ्यांपर्यंत तुमचे लेखन पोहोचणार नाही.

स्वतःचे संकेतस्थळ असेल तर त्यावर प्रोफाइलचा विशिष्ट दुवा लावून खात्यावर हिरवी खूण मिळवता येते. ही खूण विकत मिळत नाही. ते संकेतस्थळ आणि हे खाते एकाच हातात आहे, एवढेच ती सिद्ध करते.

4. दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्ती शोधा आणि फॉलो करा

नुसत्या नावाने शोधणे हा बेभरवशाचा मार्ग आहे, कारण तुमचा सर्व्हर स्वतःला माहीत असलेल्या खात्यांतच शोधतो. त्याऐवजी पूर्ण पत्ता, किंवा त्या व्यक्तीच्या प्रोफाइलचा दुवा जसाच्या तसा, आपल्या सर्व्हरच्या सर्च चौकटीत टाका. एखाद्या पोस्टला उत्तर द्यायचे असेल तर त्या पोस्टचा दुवा तिथेच टाकावा. पोस्ट तुमच्या सर्व्हरवर ओढून आणली जाते आणि मग तिला उत्तर देता येते, आवडल्याची खूण करता येते किंवा ती पुढे पाठवता येते. या लेखातून एकच सवय उचलायची असेल तर ही उचला.

इथला सर्वांत नेहमीचा सापळा असा: तुम्ही दुव्यावरून दुसऱ्या सर्व्हरच्या पानावर जाता, फॉलो दाबता आणि समोर लॉगिनची चौकट येते. तुमचा पासवर्ड तिथे चालत नाही, कारण तो सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही. अनेक जण वैतागून तिथे दुसरे खाते उघडतात आणि मग दोन-तीन अर्धवट खात्यांत त्यांचे वाचन विखुरते. नवे खाते उघडण्याची गरज नसते. त्या चौकटीत आपल्या मूळ सर्व्हरचे नाव देण्याची सोय असेल तर ते द्या, नाहीतर पानाचा दुवा घेऊन आपल्या सर्व्हरवर परत या.

शब्द शोधण्याबाबतही अपेक्षा बेताची ठेवा. मॅस्टोडॉनवर पोस्टच्या मजकुरात शोधण्याची सुविधा 2023 च्या 4.2 या आवृत्तीपासून व्यापक झाली, पण ज्यांनी आपल्या पोस्ट शोधात दिसाव्यात अशी परवानगी दिली आहे त्यांच्याच पोस्ट त्यात येतात. तुम्हाला सापडायचे असेल तर ही परवानगी सेटिंगमध्ये जाऊन स्वतः द्यावी लागते. पोस्टमध्ये हॅशटॅग घालणे हा त्याहून खात्रीचा उपाय.

5. वेगळ्या प्रकारच्या मंचांशी जोडून घ्या

मॅस्टोडॉनचे दोन सर्व्हर एकमेकांशी सहज बोलतात. खरी गंमत आणि खरी गुंतागुंत वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रोटोकॉल एकच असला तरी प्रत्येक सॉफ्टवेअर निरोपाचा अर्थ आपापल्या सोयीने लावते आणि जे समजत नाही ते सोडून देते.

लेमीचे उदाहरण घ्या. तिथे व्यक्तींपेक्षा विषयांचे समूह महत्त्वाचे असतात आणि प्रत्येक समूहाला स्वतःचा पत्ता असतो. मॅस्टोडॉनवरून समूहाला फॉलो केले की त्यातील प्रत्येक नवी चर्चा आणि तिच्याखालची प्रत्येक प्रतिक्रिया तुमच्या टाइमलाइनवर पुढे पाठवली जाते. गजबजलेला समूह असेल तर तुमच्या मित्रांच्या पोस्ट त्याखाली गाडल्या जातात. असे समूह वेगळ्या ‘लिस्ट’मध्ये ठेवावेत आणि ती लिस्ट मुख्य टाइमलाइनमधून वगळावी. मॅस्टोडॉनवरून समूहात चर्चा सुरू करायची असल्यास पोस्टमध्ये समूहाचा पत्ता नमूद करा. पोस्टची पहिली ओळ तिथे शीर्षक होते, म्हणून ती आटोपशीर आणि अर्थपूर्ण असावी. ‘नमस्कार मंडळी’ अशी सुरुवात केलीत तर तेच तुमच्या चर्चेचे शीर्षक ठरेल. तुम्ही दिलेली आवडल्याची खूण तिथे अनुकूल मत म्हणून मोजली जाते. प्रतिकूल मत देण्याचे बटण मॅस्टोडॉनवर नाही. उलट दिशेने पाहिले तर लेमीवरचा वापरकर्ता समूहांचाच सदस्य होऊ शकतो, तुमच्यासारख्या एकट्या व्यक्तीला तो फॉलो करू शकत नाही.

मिसकीवरचे लोक नाना तऱ्हेच्या इमोजींनी दाद देतात. मॅस्टोडॉनवर ती सगळी दाद एकाच साध्या खुणेत बदलते. पिक्सेलफेड छायाचित्रांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या नुसत्या मजकुराच्या पोस्ट तिथल्या वाचकांना साधारणपणे दिसत नाहीत. वर्डप्रेस या ब्लॉग व संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरील लेखनही अ‍ॅक्टिव्हिटीपबचे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवून फॉलो करण्याजोगे करता येते. वर्डप्रेसमागील ऑटोमॅटिक कंपनीने ते प्लगइन 2023 मध्ये आपल्याकडे घेतले. मॅस्टोडॉनवरून अशा लेखाला दिलेले उत्तर लेखाखाली प्रतिक्रिया म्हणून येते.

मेटा कंपनीच्या थ्रेड्सची जोडणी 2024 मध्ये खुली होऊ लागली, पण ती अर्धीमुर्धी आहे. थ्रेड्सवरील व्यक्तीने स्वतः ही सुविधा चालू केली असेल तरच तिचे खाते बाहेरून सापडते. शिवाय फेडिव्हर्समधील कित्येक सर्व्हरनी थ्रेड्सला अडवून ठेवले आहे. ओळखीची व्यक्ती थ्रेड्सवर असूनही सापडत नसेल तर तिला ही सुविधा चालू करायला सांगा आणि आपल्या सर्व्हरची अडवलेल्यांची यादी पाहा.

6. ब्लूस्कायशी बोलायचे असेल तर पूल लागतो

ब्लूस्काय हे समाजमाध्यमही विकेंद्रित असल्याचे सांगते, पण ते अ‍ॅक्टिव्हिटीपब वापरत नाही. त्याचा प्रोटोकॉल ‘एटी’ या नावाने ओळखला जातो आणि त्याची रचनाच निराळी आहे. तिथे तुमच्या पोस्ट एका ठिकाणी साठवल्या जातात, ‘रिले’ नावाची दुसरी सेवा त्या सगळीकडून गोळा करते आणि त्या दाखवण्याचे काम तिसरीच सेवा करते. या दोन जगांमध्ये दुभाषी हवा. ‘ब्रिजी फेड’ ही सेवा ते काम करते.

पुलाच्या खात्याला तुमच्या खात्यावरून फॉलो केले की पूल चालू होतो. त्या खात्याचा नेमका पत्ता सेवेच्या माहितीपानावरून घ्यावा, ऐकीव पत्ता वापरू नये. प्रोफाइलचित्र नसलेली किंवा नुकतीच उघडलेली खाती नाकारली जाऊ शकतात. पलीकडच्या व्यक्तीनेही पूल स्वीकारलेला असावा लागतो. एका बाजूची संमती पुरत नाही. लोकांना न विचारता त्यांच्या पोस्ट पलीकडे न्याव्यात का, यावर 2024 च्या आरंभी बराच वाद झाला आणि त्यानंतर संमतीची ही पद्धत आली. माझ्या मते ती योग्यच आहे, जरी तिच्यामुळे जोडणी सावकाश वाढत असली तरी.

लांबीचाही प्रश्न आहे. मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा 500 अक्षरांची आहे, ब्लूस्कायची 300. त्यामुळे तुमची लांब पोस्ट पलीकडे छाटली जाते आणि पुढे मूळ पोस्टचा दुवा जोडला जातो. महत्त्वाचे ते आधी लिहिण्याची सवय इथे उपयोगी पडते.

7. आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका

तुमच्या सर्व्हरवर एका पोस्टखाली दोन उत्तरे दिसतात आणि मूळ सर्व्हरवर वीस. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कारण प्रत्येक सर्व्हर स्वतःकडे आलेले निरोपच मोजतो. नव्या आवृत्त्या राहून गेलेली उत्तरे मागवून घेऊ लागल्या आहेत, पण सगळे सर्व्हर अद्ययावत नसतात. वादात उडी घेण्याआधी मूळ पान उघडून पाहावे. तुम्ही सांगणार आहात ते दहा जणांनी आधीच सांगितलेले असू शकते.

8. खासगीपणाच्या मर्यादा ओळखा

‘फक्त नमूद व्यक्तींना’ अशी पोस्ट म्हणजे कुलूपबंद पत्र नव्हे. मॅस्टोडॉनवर ती एन्क्रिप्ट केलेली नसते, त्यामुळे दोन्हीकडच्या सर्व्हरचे चालक तांत्रिकदृष्ट्या ती वाचू शकतात. आणखी एक धोका जास्त घातक आहे: अशा खासगी संभाषणात तुम्ही तिसऱ्या व्यक्तीचा पूर्ण पत्ता ‘@’सह लिहिलात तर ती पोस्ट तिलाही पोहोचते. कोणाची तक्रार करताना हे विसरलात तर प्रसंग ओढवलाच म्हणून समजा. व्यक्तीचा उल्लेख चिन्हाविना करा आणि गंभीर बोलणे यासाठीच बनवलेल्या एन्क्रिप्टेड मेसेंजरवर करा.

पोस्ट पुसली की तुमचा सर्व्हर ‘ही पुसावी’ असा निरोप इतरांना पाठवतो. बहुतेक सर्व्हर तो पाळतात. पण एखादा सर्व्हर तेव्हा बंद असेल किंवा त्याने मुद्दाम दुर्लक्ष केले तर प्रत तिथे राहते आणि तुमच्या हाती काही उरत नाही.

9. संपर्क तुटण्याची कारणे तपासा

एक सर्व्हर दुसऱ्याला दोन प्रकारे दूर ठेवू शकतो. सौम्य प्रकारात त्याच्या पोस्ट सार्वजनिक ठिकाणी दिसत नाहीत, पण फॉलो करणाऱ्यांना मिळतात. कडक प्रकारात सर्व संबंध तुटतात आणि आधीचे फॉलोही जातात. कालपर्यंत दिसणारी व्यक्ती अचानक दिसेनाशी झाली तर तिने तुम्हाला ब्लॉक केले असेच मानू नका, आधी दोन्ही सर्व्हरच्या याद्या पाहा. त्रास देणाऱ्यांसाठी तुम्ही स्वतःही अख्खा सर्व्हर अडवू शकता. तक्रार करताना ती त्या व्यक्तीच्या सर्व्हरकडेही पाठवण्याचा पर्याय असतो. तिथले चालकच तशा वागण्याचे असतील असा संशय असेल तर तो पर्याय निवडू नका.

10. खाते दुसरीकडे न्यायचे झाल्यास

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या खात्यावरून फॉलोंची, ब्लॉकची, म्यूटची आणि बुकमार्कची यादी उतरवून घ्या, तसेच पोस्टचा संग्रह मागवा. नंतर नव्या सर्व्हरवर खाते उघडून त्याच्या सेटिंगमध्ये जुना पत्ता ‘टोपणखाते’ म्हणून नोंदवा. मग जुन्या खात्यात परत येऊन ‘दुसऱ्या खात्याकडे जा’ हा पर्याय निवडा आणि नवा पत्ता व पासवर्ड द्या. तुम्हाला फॉलो करणारे लोक त्यांच्या सर्व्हरने साथ दिली तर आपोआप नव्या खात्याकडे येतात. शेवटी उतरवलेल्या याद्या नव्या खात्यात आयात करा. आयात करताना ‘मिसळा’ हा पर्याय घ्या. ‘अधिलिखित करा’ घेतल्यास नव्या खात्यावर केलेले फॉलो पुसले जातात.

जुन्या पोस्ट मात्र नव्या खात्यात येत नाहीत. उतरवलेला संग्रह तुमच्याजवळ राहतो, पण तो परत चढवता येत नाही. एकदा स्थलांतर केल्यावर पुढचे करायला 30 दिवस थांबावे लागते, तेव्हा नवा सर्व्हर काही दिवस वापरून पाहिल्यावरच शेवटचे बटण दाबा. हे सारे दोन्ही सर्व्हर चालू असतानाच शक्य असते. माझ्या माहितीतला एक छोटा सर्व्हर एका सकाळी उघडेनासा झाला आणि याद्या न उतरवलेल्यांना आपले लोक आठवून आठवून पुन्हा शोधावे लागले. म्हणून ठरावीक अंतराने फॉलोंची यादी उतरवून ठेवा. सेटिंगमधील आयात-निर्यातीच्या पानावर ती एका क्लिकमध्ये मिळते आणि फाइल इतकी लहान असते की ती स्वतःलाच ईमेल करून ठेवता येते.